दरेआईचे डोळे

डोंगर उतरून आलेला ओढा जिथे दोनदा वळतो, त्या वळणाच्या कुशीत धामणदरा हे साठ उंबऱ्यांचे गाव आहे. भोवती सात वाड्या, माळावर पळस, उतारावर करवंदीच्या जाळ्या. आणि या साऱ्यांची आई एकच, दऱ्याच्या तोंडाशी काळ्या कपारीत बसलेली दरेआई. या गावाच्या शिवेवर, नांदरुकीच्या झाडाखाली, एका माघ महिन्यात महाराज येऊन उतरले. कुठून आले, कोणाचे शिष्य, हे कोणी विचारले नाही आणि महाराजांनीही सांगितले नाही. हातात एक खापर, खांद्याला एक झोळी. दिवसातून एकदा एकाच दारी उभे राहायचे आणि म्हणायचे, "माय, आंबील आहे का?" मिळाली तर पिऊन, न मिळाली तर हसून माघारी. म्हणून लोक त्यांना आंबीलमहाराज म्हणू लागले. पुढे त्या नावाने किती जणांचे ताप उतरले, किती जणांच्या डोळ्यांचे पाणी खळले! पण ही गोष्ट त्या आधीची आहे, गावाने महाराजांना अजून ओळखले नव्हते तेव्हाची.

ओळखले नव्हते, आणि एकाने तर ओळखायचे नाहीच असे ठरवले होते. तो सुभानजी पाटील.

सुभानजी वाईट माणूस नव्हता. गावात आग लागली तर घागर घेऊन पहिला धावणारा तोच. पण संशय हा जणू त्याच्या पाठीवर जन्मलेला भाऊ. उठता बसता बरोबर. भाकरी मोडण्याआधी तो ती उलटून पाहायचा. विहिरीला पाणी वाढले तरी म्हणायचा, "कुणी ओतलं?" त्याची बायको राहीबाई एकदा वैतागून म्हणाली होती, "अवो, तुमच्या सावलीलासुद्धा तुम्ही दोनदा मागं वळून बघता. ती तुमचीच हाय, कुठं जात न्हाई."

"जात नाही कशावरून?" सुभानजी म्हणाला. "दुपारी जाते की."

अशा माणसाला शिवेवरचा गोसावी कसा रुचावा? पैसा मागत नाही, धान्य मागत नाही, भविष्य सांगत नाही, अंगारा देत नाही! सुभानजी चावडीवर म्हणाला, "जो काहीच मागत नाही, त्याला काहीतरी लई मोठं पाहिजे असतं. ध्यानात ठेवा."

आणि त्या गोसाव्याला रोज न चुकता आंबील कोण वाढते? तर ठकूबाई गुरवीण. नवरा गेल्यापासून दरेआईची सेवा ती एकटीच करीत होती. पहाटे कपार झाडायची, झऱ्याचे पाणी आणायचे, दिवा लावायचा, आणि देवीपुढे बसून जात्यावरच्या चालीत ओव्या म्हणायच्या. तिला ना मूल ना बाळ. कोणी विचारले, की एकटीला घर खायला उठत नाही का, तर ती म्हणे, "घर कुठं एकटं हाय? आई हाय की." वाडीतली पोक्त माणसे तिला ठकूआत्या म्हणत. सुभानजी मात्र मनात म्हणे, नावच ठकू. एकटी बाई, देवीचे चांदीचे डोळे तिच्या ताब्यात, आणि शिवेवर एक अनोळखी गोसावी. दोन आणि दोन चार होतात.

हे चांदीचे डोळे म्हणजे साऱ्या दऱ्याचे भूषण. दरेआई ही मुळात एक शिळा. तिला नाक नाही, ओठ नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर आणि त्यावर मेणाने बसवलेले ते दोन डोळे, पिंपळपानासारखे पातळ. चैत्राच्या जत्रेआधी देवीला शेंदूर-तेलाचा नवा लेप चढायचा, आणि त्याची रीत अशी होती: गुरवाने आधी आत जायचे, झऱ्याच्या पाण्याने ओल्या केलेल्या हातांनी डोळे उतरवायचे, तांदळाच्या ताटात ठेवून वर कापड झाकायचे, आणि मग घंटा द्यायची. घंटा झाली की पाटलाने स्वतःच्या डोळ्यांवर पंचा बांधून आत जायचे आणि चाचपडत लेप चढवायचा. का? तर डोळे नसलेली आई लेकराने पाहू नये. आत कोणी बोलायचे नाही. झाकलेले ताट देवळीच्या कोनाड्यात ठेवायचे, आणि तीन दिवस त्या कापडाला कोणी हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी, जत्रेच्या सकाळी, सगळ्या वाड्यांसमोर कापड उचलायचे, डोळे बसवायचे, आणि मगच पालखी हलायची.

त्या वर्षी सुभानजी लेपाच्या दिवशी घंटेची वाट न पाहता गेला. बाई ताटात काय ठेवते आणि ओच्यात काय ठेवते, ते त्याला पाहायचे होते. दबक्या पावलांनी कपारीपाशी आला, तर कोणीच नाही. उंबऱ्यावर ताट होते. कापड झाकलेले.

म्हणजे डोळे उतरवून झाले तर! आपण चुकलो, उशीर झाला, असे तो मनात चरफडला. कापड उचलून पाहावे असे हाताला फार वाटले. पण रीत म्हणजे रीत, तीन दिवसांआधी ते उचलणे म्हणजे घरावर अरिष्ट. मग त्याने डोळ्यांवर पंचा आवळला, शेंदराचा वाडगा घेतला आणि आत गेला. शेजारच्या गावाच्या देवीपुढे आपली आई फिकी दिसू नये म्हणून यंदा त्याने शेंदूर दुप्पट आणवला होता. तळहात भरभरून त्याने लेप चढवला. बाहेर आला तेव्हा ठकूबाई पाठमोरी उभी होती, पदर डोळ्यांवर ओढून. तो बोलला नाही. ती बोलली नाही. ताट देवळीत गेले.

आणि मग ती तिसरी सकाळ उजाडली!

सात वाड्यांची माणसे दऱ्यात मावत नव्हती. हलगी कडाडत होती, पोरी नव्या बांगड्या वाजवीत होत्या, पालखीला झेंडूच्या माळा लागल्या होत्या. कोंडीबा सुतार, गावातला सर्वांत म्हातारा माणूस, त्याने मानाने पुढे होऊन ताटावरचे कापड उचलले.

ताटात नुसते तांदूळ होते.

हलगी आपोआप थांबली. एवढ्या गर्दीत ओढ्याचे पाणी ऐकू येऊ लागले.

"डोळं?" कोंडीबा म्हणाला. "आईचं डोळं कुठं हायेत?"

सुभानजीने ठकूबाईकडे पाहिले. त्या पाहण्यात दोन महिन्यांचा संशय होता आणि, देव क्षमा करो, थोडे समाधानही होते. "मला इचारता?" तो म्हणाला. "ताट कुणी मांडलं, तिला इचारा."

ठकूबाईचा चेहरा त्या तांदळासारखा पांढरा पडला. "पाटील, मी तांदळाचं ताट मांडून, पाखरं बसू नयेत म्हणून वर कापड टाकून झऱ्यावर हात भिजवाया गेले होते. डोळे उतरवलेच नव्हते. परत आले तर तुम्ही आत. मी समजले, तुमचा माझ्यावर भरवसा न्हाई म्हणून तुम्हीच उतरवून ताटात ठेवले. आत बोलायचं न्हाई, बघायचं न्हाई. मी काय करणार?"

"म्हणजे चोर मी?"

"मी तसं कुठं म्हणाले, दादा?"

"मग वाऱ्यानं नेलं? गोसाव्याला रोज आंबील जाती ती काय फुकट? लोकहो, हिनं डोळं तिकडं पोचतं केलं!"

झाले. ठिणगीला गवत मिळाले. काल जी ठकूआत्या होती ती आज 'ती गुरवीण' झाली. कोणाला आठवले, की ती परवा नवे लुगडे नेसली होती. कोणाला आठवले, की ती गोसाव्याशी हळू आवाजात बोलत होती. ज्यांच्या लेकरांना तिने अंगाखांद्यावर खेळवले, त्या बायाही आपापली लेकरे जवळ ओढून उभ्या राहिल्या. संशयाला पाय नसतात म्हणतात. पण तो साऱ्या दऱ्यातून पळाला.

चार माणसे घेऊन सुभानजी शिवेवर गेला. महाराज नांदरुकीखाली बसून मुंग्यांच्या रांगेकडे पाहत होते.

"झोळी दाखवा," सुभानजी म्हणाला.

महाराजांनी झोळी पुढे केली. आत एक फाटके कांबळे, चार चिंचोके आणि एक सुईदोरा.

"झटकून बघ बाबा," महाराज म्हणाले. "शिवणीसुद्धा उसव. सुई आत आहेच, मी परत शिवून घेईन."

सुभानजीने खरोखरच शिवण उसवली. काही निघाले नाही. "पुरलं असंल कुठंतरी," तो पुटपुटला.

"असेल," महाराज म्हणाले. "ज्याने पुरले त्याच्या हाताला विचार. हात खोटे बोलत नाहीत."

सुभानजी मागे फिरला. पण ते वाक्य चिलटासारखे त्याच्या कानाशी फिरत राहिले.

कपारीसमोर आता पंच बसले होते. ठकूबाईने भंडाऱ्याची मूठ भरली होती. "आईपुढं भंडारा उचलते," ती म्हणत होती. "खोटं बोलत असंन तर ह्याच जागी जीभ झडू दे. मला तेवढं बोलू द्या."

"थांब," सुभानजी म्हणाला. "शपथ आईच्या डोळ्यांदेखत असती. आईला आज डोळंच न्हाईत. आंधळ्या साक्षीपुढं घेतलेली शपथ कुठं धरतात?"

लोकांनी माना डोलावल्या. रीतच होती तशी. ज्या डोळ्यांसाठी तिच्यावर आळ, त्याच डोळ्यांवाचून तो आळ पुसण्याची वाट बंद! ठकूबाईच्या मुठीतून भंडारा सांडला.

तेवढ्यात कोंडीबा सुतार काठीवर भार देऊन पुढे आला. "सुभाना, मला म्हाताऱ्याला एक शंका येती. ती म्हणती डोळे उतरवले न्हाईत. तू म्हणतोस ताट झाकलेलं बघून आत गेलो. मग डोळं... लेपाखाली तर न्हाईत?"

दऱ्यात कुजबूज झाली. सुभानजीचे तोंड तापले.

"म्हंजी मी माझ्या हातानं आईचं डोळं बुजवलं?"

"तसं न्हवं, पर..."

"माझ्या हाताला कळलं नसतं? आन् लेपाला नख लावून बघणार कोण? तू लावतोस?"

कोंडीबा मागे सरला. चढलेल्या लेपाला नख लावले तर गावात देवीची साथ येते, लेकरे दगावतात, हे सातही वाड्यांना ठाऊक होते. ते कोणी करणार नव्हते.

सुभानजी ताठ उभा होता. पण आत काहीतरी हलले होते. तीन दिवसांपूर्वीचा उजवा तळहात त्याला आठवत होता. लेप पसरताना तळव्याखाली काहीतरी गार लागले होते का? काठासारखे? शिळेचा उंचवटा असेल म्हणून त्यावर त्याने आणखी एक मूठ शेंदूर दाबला होता. दाबला होता की नाही? आजवर त्याने बायकोचा संशय घेतला, शेजाऱ्याचा घेतला, विहिरीच्या पाण्याचा घेतला. आज आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचा संशय आला, आणि तो इतका भयंकर होता की त्याने घाईने आवाज चढवला.

"पंचांचा निवाडा सांगा! ऊन डोक्यावर येण्याआधी बाईनं शीव ओलांडावी. आईची सेवा आजपासून बंद."

पंच एकमेकांकडे पाहू लागले. एकाने मान हलवली. दुसऱ्याने हलवली.

ठकूबाई रडली नाही. ती एवढेच म्हणाली, "शीव ओलांडते. पर उद्या पहाटे आईचा दिवा कोण लावंल, तेवढं ठरवा. तिला अंधाराची सवय न्हाई." आणि ती तिथेच कपारीपुढे मातीत बसली.

"माय, आज आंबील नाही का?"

सगळ्यांनी वळून पाहिले. महाराज गर्दीतून येत होते, हातात खापर, खांद्यावर ती उसवलेली झोळी. कोणी वाट दिली नाही, तरी वाट होत गेली.

"महाराज, आज चूल पेटली न्हाई," ठकूबाई म्हणाली. "तुमच्यावरबी माझ्यापायी बालंट आलं. माफ करा."

महाराज तिच्याजवळ जमिनीवरच बसले. "शपथ घेऊ देत नाहीत म्हणे?"

"आईला डोळे न्हाईत ना."

"डोळे नाहीत," महाराज म्हणाले, "पण कान तर कोणी नेले नाहीत? पहाटे म्हणतेस ती ओवी म्हण. शपथ नको, तक्रार नको. रोजच्यासारखी म्हण." मग त्यांनी मान वर केली. "आणि पाटील, तुम्ही इकडे या. ज्या हाताने लेप चढवलात, तो हात आईच्या चेहऱ्यावर ठेवा. नख लावू नका. नुसता ठेवा."

"कशापायी?" सुभानजी म्हणाला. "ह्यात काय डाव हाय?"

"डाव असेल तर हात तुमचाच आहे, माझा नाही."

दऱ्यातली सारी माणसे त्याच्याकडे पाहत होती. नाही म्हणावे तर लोक म्हणतील, पाटील भ्याला. सुभानजी कपारीत शिरला. आत गारवा होता, तेलाचा वास होता. डोळे नसलेला तो भगवा चेहरा समोर होता आणि आज त्याच्या डोळ्यांवर पंचा नव्हता. त्याने दुसरीकडे पाहत हात ठेवला. बाहेरून ओवी आली. आवाज आधी थरथरला, मग जात्याच्या फेऱ्यासारखा स्थिर झाला:

*आंधळी कशी म्हणू, आई माझ्या दऱ्याची*
*गाईला न लागे वाट, दावाया वासराची*

सुभानजीच्या तळहाताखाली शिळा गार होती. मग कोमट झाली. उन्हात ठेवलेल्या घागरीसारखी. त्याला हात काढावासा वाटला, हात निघेना.

*दोन लेकरं भांडती, एक रडे, एक रुसे*
*दरेआई ग माउली, एका पदराने पुसे*

आपल्यावर आळ घेणाऱ्याला तिने ओवीत भाऊ केले! आणि त्याच क्षणी तळहाताखाली शिळेने श्वास घेतल्यासारखे झाले. होय, श्वास! झोपलेले लेकरू कुशीत हलावे तशी आतून एक हालचाल आली, आणि पिकले पान देठातून सुटावे तसा तो दुप्पट शेंदराचा लेप अखंड सुटून त्याच्या ओंजळीत उतरला. यंदाचा, फक्त यंदाचा. त्याच्या बापाने चढवलेला, आजाने चढवलेला शेंदूर जागच्या जागी होता. त्यातला एक कणही ढळला नव्हता.

आणि त्या जुन्या, भेगाळलेल्या, फिकट चेहऱ्यावर दोन डोळे होते. जसे होते तसे. ते सुभानजीकडे पाहत होते.

ओंजळीतल्या लेपाच्या आतल्या अंगाला दोन खळगे उमटले होते, आणि त्या खळग्यांभोवती त्याच्याच बोटांनी दाबल्याच्या खुणा होत्या. ज्याला चोर म्हणून साऱ्या दऱ्यात धुंडाळले, तो चोर त्याच्या मनगटाला जोडलेला होता.

तो ती ओंजळ घेऊन बाहेर आला. कोणाला काही सांगावे लागले नाही. कपारीच्या तोंडातून ऊन आत गेले होते आणि आतून चांदी चमकत होती. "डोळं!" कोणी ओरडले. "आईनं डोळं उघडलं!" बायाबापड्या जमिनीला लागल्या. कोंडीबाची काठी गळून पडली.

सुभानजी सरळ महाराजांकडे गेला आणि त्यांच्या पायांशी कोसळला. "महाराज, मी आंधळा झालो होतो. आईला आंधळी केली, आन् आळ दुसऱ्यावर घातला. माझ्या हाताला कळलं होतं, महाराज. कळलं होतं आन् मी ऐकलं न्हाई."

"मग आता तरी ऐका," महाराज म्हणाले. "आणि माझ्या पायांशी काय करता? माझी एक शिवण उसवली, ती सुईदोऱ्याने शिवता येईल. जिथे सुई चालत नाही तिथे जा."

सुभानजी उठला. तेवढे दहा-बारा पावलांचे अंतर त्याला दऱ्याएवढे वाटले. ठकूबाईपुढे येऊन त्याने पागोटे उतरवले, तिच्या पायांशी ठेवले आणि साऱ्या गावादेखत कपाळ मातीला टेकले.

"आत्या," तो म्हणाला. पाटलाने तिला अशी हाक कधी मारली नव्हती. "मला काय शिक्षा द्यायची ती द्या."

ठकूबाई गडबडून मागे सरली. "अवो, ते पागोटं उचला आधी, शेंदूर लागंल त्याला." मग तिने पदराने डोळे पुसले, कपारीकडे पाहिले, आणि तिचा आवाज रोजच्यासारखा झाला. "शिक्षा कसली, पाटील? ऊन वर आलं. आईची पालखी अजून दारातच हाय. उठा, खांदा द्या."

सुभानजी उठला. त्या वर्षी दरेआईला पुन्हा लेप चढवलाच नाही; जुन्याच शेंदरात, फिकट चेहऱ्याने आई बसली, आणि म्हातारी माणसे म्हणत, की एवढी सुंदर ती कधी दिसली नव्हती. पालखीचा पुढचा दांडा सुभानजीच्या खांद्यावर होता. सातही वाड्या फिरेपर्यंत त्याने खांदा बदलला नाही, आणि बरोबर चालणाऱ्या राहीबाईने पाहिले, की तो एकदाही मागे वळून पाहत नव्हता.

शिवेवर पालखी नांदरुकीपाशी टेकली, तेव्हा महाराज झोळी शिवत बसले होते. सुभानजीने खांद्यावरचा दांडा उतरवला आणि पुन्हा एकदा, कोणी न सांगता, त्या चरणांवर मस्तक ठेवले. महाराजांनी सुई बाजूला ठेवली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. भाविकहो, तो हात ज्यांच्या ज्यांच्या मनावरून फिरेल, त्यांना आपल्या माणसांचे डोळे स्वच्छ दिसोत, एवढेच मागणे त्या माउलीपाशी!